वडापावची गाडी आणि अडीच टक्क्यांचा हिशेब

परवा संध्याकाळी मांडवीला गेलो होतो. वारा सुटलेला, भेळेच्या गाड्यांवर नेहमीची गर्दी. भेळवाल्या काकांना सहज विचारलं, "काका, पावसाळ्यात काय करता?" ते हसले. म्हणाले, "ताडपत्री बांधायची नि उघडीप कधी मिळते ते बघत बसायचं. दुसरं काय!"

आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडीवाल्याला मात्र डोक्यावर छप्पर मागायची सोय नाही, कारण त्याची गाडी म्हटली की आपल्याला आधी 'अतिक्रमण' हा शब्द आठवतो. म्हणून आज थोडा इतिहास.

घराबाहेर कुणाच्याही हातचं खाणं ही आपल्याकडे एके काळी साधी गोष्ट नव्हती. त्यावर जातीचा पहारा होता. याच रत्नागिरीत 1930 च्या दशकात सावरकरांनी सहभोजनं घडवली, सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढलं, तेव्हा केवढी खळबळ झाली. आज गाडीवर उभं राहून गरम वडा घेताना तळणाऱ्याची जात विचारायचं आपल्या मनातही येत नाही. एवढं काम या गाड्यांनी गाजावाजा न करता केलंय.

दुसरा धागा मुंबईचा. आपल्या जिल्ह्यातला चाकरमानी गिरणीत, बायकामुलं गावाला, पोट खानावळीवर. पाळी सुटली की स्वस्त आणि उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी हवं. 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला असं मानलं जातं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. तो फुटला नाही, मिटलाही नाही, गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. तेव्हा कित्येक गिरणी कामगारांनी वडापावची गाडी लावली. बुडालेल्या पगाराच्या जागी ती गाडी उभी राहिली.

आता सिंगापूर बघा. आज स्वच्छतेचं उदाहरण म्हणून आपण त्याचं नाव घेतो, पण 1960 च्या दशकात तिथले रस्तेही फेरीवाल्यांनी भरलेले होते. खरकटं गटारात आणि नदीत, साथीचे रोग, वाहतुकीची कोंडी. तिथल्या सरकारने 1968-69 मध्ये आधी सगळ्यांची नोंदणी केली. सुमारे 18,000 रस्त्यावरचे विक्रेते मोजले, त्यांना परवाने दिले. मग 1971 ते 1986 या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने छपराखाली नेलं: नळाचं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, बसायला टेबलं. आज तिथे अशी शंभराहून जास्त हॉकर सेंटर आहेत, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची वारसा म्हणून नोंद केली. सगळंच गोड आहे असं नाही. तिथले बरेच विक्रेते आज साठीच्या घरात आहेत, पुढची पिढी यायला तयार नाही. पण क्रम लक्षात घ्या: आधी मोजणी, मग जागा, मग हलवणं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते.

आणि कायदा आपल्याकडे नाही असं समजू नका. रस्त्यावर विक्री करणं हा रोजगाराच्या मूलभूत अधिकारात येतो, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सांगितलं. 2014 मध्ये पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा आला. शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यात एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. पुढेही हटवायचं तर 30 दिवसांची नोटीस.

त्याच कायद्यात एक आकडा आहे: लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना शहरात सामावून घ्यायचं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार. करा हिशेब. साधारण 1,900 विक्रेते. भेळ, वडापाव, भाजी, मासळी, सगळे धरून.

उद्या कुठल्याही चौकातून गाड्या उचलल्या गेल्या, तर टाळ्या वाजवायच्या आधी किंवा शिव्या द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारूया. मोजणी झाली का? समितीत विक्रेते आहेत का? पर्यायी जागा कुठे, आणि तिथे गिऱ्हाईक जातं का? रस्ता पादचाऱ्यालाही मोकळा हवा, खाणंही स्वच्छ हवं, हे मान्यच. त्यासाठीच तर पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा आणि पत्र्याचं छप्पर लागतं.

निघताना काकांनी भेळेवर थोडी जास्त शेव घातली. पैसे घेतले नेहमीचेच. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या गाडीवर ताडपत्रीऐवजी छप्पर दिसलं, तर आपल्या शहराने काहीतरी कमावलं असं मी म्हणेन.