दिवसांचा हिशोब हरवलेला प्रवासी

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव आहे. समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही समुद्रप्रवासाची एक गोष्ट सांगण्यासाठी आपण याच गावापासून निघणार आहोत. १४३७ साली खानदेशचा सुलतान नासिर खान वऱ्हाडात शिरला, तेव्हा बहामनी सुलतानाने खलफ हसन या सरदाराला त्याच्यावर धाडले. रोहिणखेडला लढाई झाली. नासिर खान हरला आणि बऱ्हाणपूरकडे पळाला. ही लढाई शाळेत कोणी शिकवत नाही, आणि ती शिकवावी असा आमचाही आग्रह नाही. आमचे लक्ष वेधले ते विजयी सरदाराने. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याची पदवी होती 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख.

व्यापाऱ्याच्या हाती फौज कशी आली? बहामनी दरबारात समुद्रापलीकडून आलेल्या माणसांचा मोठा गट होता, आणि फौजेला लागणारे उत्तम घोडेही समुद्रापलीकडूनच येत. अरबस्तान-इराणचे घोडे होर्मुझ बंदरात जहाजावर चढत आणि चौल, दाभोळला उतरत. पुढे हीच पदवी महमूद गावानला मिळाली. तोही १४५३ मध्ये व्यापारी म्हणूनच दाभोळला उतरला होता. गावानचा उल्लेख याच पदवीने करणारी एक वही रशियात जपली गेली आहे. ती अफनासी निकितीन या व्यापाऱ्याची.

निकितीन त्वेर गावचा. व्होल्गा नदीतून खाली जाताना अस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी गाठले. मालाबरोबर त्याची पुस्तकेही गेली. माल पुन्हा मिळवता येतो. पुस्तके गेल्याचे दुःख त्याला अखेरपर्यंत राहिले, कारण सणवार ठरवण्याचे साधनच त्यांच्याबरोबर गेले होते. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. ती सूर्य आणि चंद्र दोघांच्या हिशोबावर ठरते. पंचांग हरवलेल्या माणसाला एकादशी कधी ते विचारावे, तशी त्याची स्थिती झाली.

इराण पार करून तो होर्मुझला पोहोचला आणि ईस्टरनंतर एक घोडा घेऊन जहाजावर चढला. होर्मुझ ते चौल सहा आठवडे लागले. हा काळ नीट पाहा. नैर्ऋत्य मोसमी वारा जूनच्या सुरुवातीला जोर धरतो आणि कोकणची बंदरे बंद होतात. त्याआधी किनारा गाठलाच पाहिजे. चौलहून तो पायी निघाला: पालीपर्यंत आठ दिवस, पुढे उमरीपर्यंत दहा दिवस, मग जुन्नर. या टप्प्यांचे अंतर दिवसांत! जुन्नरला पावसाने त्याला अडकवले. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि त्यातच लोक नांगरतात, पेरतात, याचे त्याला नवल वाटले. त्याच्या देशात पेरणीचा ऋतू असा नसतो. येथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने मध्यस्थी केली, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही.

बिदरला मात्र दिवसांचा हिशोब पुरता सुटला. मग त्याने आकाशाकडे पाहिले. कृत्तिका संधिप्रकाशात शिरल्या आहेत, सप्तर्षीचे डोके पूर्वेकडे आहे, अशी ईस्टरच्या रात्रीची नोंद त्याने केली आहे. हे आपल्या विद्यार्थ्यांनाही पडताळता येईल. एप्रिलच्या अखेरीस कृत्तिका मावळतीच्या उजेडात दिसेनाशा होऊ लागतात. (त्यांच्या शेजारीच रोहिणी असते, हे रोहिणखेडच्या मुलांना सांगावे, खूश होतील.) त्याने आणखी एक आडाखा बांधला होता: ईस्टर मुसलमानांच्या बैरामच्या नऊ-दहा दिवस आधी येतो. हा आडाखा फार तर एखाद्या वर्षी जुळणार. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून बैराम दरवर्षी मागे सरकतो. गंमत अशी की निकितीनची ही चूकच पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडली. दोन्ही सण इतके जवळ कोणत्या वर्षी आले, हे मागे मोजत जाऊन त्याच्या प्रवासाची वर्षे ताडता येतात. जुन्या मताप्रमाणे हा प्रवास १४६६ ते १४७२ असा होता. नंतरच्या हिशोबाने तो १४६८ ते १४७५ च्या सुमाराचा ठरतो.

परतीचा प्रवास याहून कठीण झाला. ईस्टरच्या तीन महिने आधी, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, दोन सुवर्णनाणी भाडे देऊन तो दाभोळला जहाजावर चढला. तेव्हा ईशान्येचा वारा वाहत असतो. पश्चिमेला जायला तो सोयीचा, पण होर्मुझ वायव्येला आहे. उत्तरेकडचा रोख सुटला की हाच वारा जहाजाला आफ्रिकेकडे ढकलतो. तसेच झाले असावे. महिनाभर जमीन दिसली नाही आणि पुढच्या महिन्यात दिसले ते इथिओपियाचे डोंगर. लूट टाळण्यासाठी तेथील लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटावी लागली. तेथून मस्कतला बारा दिवस, आणखी नऊ दिवसांनी होर्मुझ.

पुढे शिराझ, इस्फहान, ताब्रीझ. वाटेत लढाया पेटलेल्या, म्हणून रस्ते बंद. काळ्या समुद्रावरच्या त्रेबिझोंद बंदरात त्याच्यावर हेर असल्याचा संशय आला. कागदपत्रे शोधण्यासाठी त्याचे सामान उपसले गेले आणि चांगल्या वस्तू त्यात गेल्या. एक सुवर्णनाणे देऊन तो जहाजावर चढला, तर उलट्या वाऱ्याने जहाज परत आणून सोडले. पंधरा दिवस वाट पाहून पुन्हा निघावे लागले. शेवटी तो क्रिमियातील काफा बंदराला पोहोचला.

घर मात्र त्याने पाहिले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो वारला. त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिली आणि १४७५ च्या नोंदीखाली ती रशियन बखरीत उतरवली गेली. उतरवणाऱ्याने सुरुवातीला लिहून ठेवले आहे की, हा माणूस कोणत्या वर्षी गेला आणि कोणत्या वर्षी परतला, हे आपल्याला कोठेही सापडले नाही.