चवदार तळ्याचा दावा

सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यास दुजोरा दिला, तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह चवदार तळ्यात उतरून ओंजळभर पाणी प्याले, तोवर तो दफ्तरातच निजला होता. सनातन्यांनी मग पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले (शेणमूत्राने पाणी निर्मळ होते, हे रसायनशास्त्रास अद्याप उमगलेले नाही) आणि दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूमही मिळविला. वादींची सारी भिस्त पुरातन वहिवाटीवर होती. परंतु ती अनादी आहे, हे त्यांना शाबीत करता आले नाही, व 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.