सिंदबादला भेटलेला हिंदी माणूस

सहमहून सोहारकडे गाडी निघाली आणि मागे मुले बसलेली असली की कुणीतरी सिंदबादचे नाव काढतेच. सोहार ही सिंदबादची जन्मभूमी, असे इथे अभिमानाने सांगतात. मूळ कथेत तो बगदादचा व्यापारी आहे आणि बसऱ्याहून जहाजात चढतो. पण तो वाद आज नको. मस्कतला अल बुस्तानच्या चौकातले ‘सोहार’ जहाज आपण सर्वांनी पाहिले आहे. एकही खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने शिवलेले ते जहाज टिम सेव्हरिन यांनी १९८० साली मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला नेले. त्याचे लाकूड मात्र आपल्याकडचे, मलबार किनाऱ्यावरचे होते.

सिंदबादच्या सात सफरी म्हटल्या की रुख पक्षी आठवतो, मानगुटीवर बसलेला म्हातारा आठवतो, बेट समजून ज्याच्या पाठीवर चूल पेटवली तो मासा आठवतो. मला आज तुम्हांला एका वेगळ्याच पात्राकडे न्यायचे आहे. ते चार-पाच वाक्यांपुरते येते आणि निघून जाते.

पहिल्या सफरीत जहाज गमावलेला सिंदबाद मिहरजान राजाच्या आश्रयाला येतो. राजा त्याला बंदरावर कामाला ठेवतो. आल्या-गेल्या जहाजांची नोंद ठेवायची, एवढेच काम. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला तो बगदादची वाट विचारतो. कुणालाच ती माहीत नसते. अशात एक दिवस त्याला काही हिंदी माणसे भेटतात. ती त्याची विचारपूस करतात, “तुमचा मुलूख कोणता?” म्हणून विचारतात. मग तोही त्यांना तेच विचारतो. ती सांगतात : आमच्यात शाकिरिया सर्वांत श्रेष्ठ, ते कुणावर जुलूम करत नाहीत, ब्राह्मण मद्य पीत नाहीत, पण सुखात राहतात, आमच्याकडे एकूण ७२ जाती आहेत. सिंदबाद थक्क होतो आणि गोष्ट पुढे प्रचंड माशांकडे वळते. या माणसांचे नाव नाही, गाव नाही, त्यांनी काय माल आणला होता तेही नाही.

कोण असतील ही माणसे?

मिहरजान हा शब्द म्हणजे आपला ‘महाराज’. अरब भूगोलकार सुमात्रा-जावा भागातल्या राजाला महाराज म्हणत. तेव्हा ही भेट बगदादला झाली नाही आणि हिंदुस्थानातही नाही. दोघेही परक्या मुलखात पोटासाठी आलेले होते.

गोष्टीतली जातींची माहितीही हवेतून आलेली नाही. नवव्या शतकात इब्न खुर्दादबिह या अब्बासी टपाल खात्याच्या अधिकाऱ्याने रस्ते आणि राज्ये यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात हिंदूंचे सात वर्ग दिले आहेत, आणि तिथेही जवळजवळ हीच वाक्ये आहेत. म्हणजे सरकारी ग्रंथातला मजकूर पुढे गोष्टीत शिरला. पण त्या आधी कुठल्या तरी बंदरावर कुणी तरी हिंदी माणसाने तो कुणाला तरी सांगितला असलाच पाहिजे.

तो माणूस कोकणातला असावा, असा माझा तर्क आहे. मसूदी हा प्रवासी इ.स. ९१६ मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. मसूदीने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे लिहिले आहे. सिराफचे, बसऱ्याचे, बगदादचे आणि ओमानचेही. त्यांच्यात हिंदात जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे वेगळे नाव होते. दुसऱ्या पिढीला नाव देण्याची गरज तेव्हाही पडली होती! पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाण प्रांतावर नेमलेला एक अरब अधिकारी भेटतो. त्याचे नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद. त्याने नदीवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ हा शब्दसुद्धा ‘नाखुदा’वरूनच आला. एवढी ये-जा असलेल्या किनाऱ्यावरचा, चौल, ठाणे किंवा सोपाऱ्याचा एखादा व्यापारी पुढे महाराजाच्या बंदरात पोचला, तर त्यात नवल कसले? गुजरातचे आणि मलबारचे लोक म्हणतील, तो आमचा. म्हणोत बापडे.

मला खटकते ते दुसरेच. परक्या मुलखात भेटलेला हा माणूस बहुधा व्यापारी. पण त्याच्या उत्तरात व्यापारी कुठेच नाहीत. विचारले होते मुलूख कोणता. उत्तर आले जाती किती. चौलची खाडी, नारळी-पोफळीच्या वाड्या, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, घरी वाट पाहणारी माणसे, यांतले काहीच नाही. कदाचित त्याने ते सांगितलेही असेल आणि लिहिणाऱ्याने फक्त विचित्र वाटले तेवढेच ठेवले असेल. दोन्ही प्रकार आजही घडतात. मधुमतीचे नाव हजार वर्षे टिकले, कारण त्याने काय केले ते कुणीतरी तांब्यावर कोरले. आपल्या माणसाची फक्त उतरंड टिकली.

या अंकाचा इंग्रजी भाग आधी उघडणाऱ्या मुलांना हा लेख आईबाबांनी वाचून दाखवावा. कारण “तू मूळचा कुठला?” हा प्रश्न त्यांना शाळेत, कॉलेजात, पुढे नोकरीतही विचारला जाणार आहे. तेव्हा आपले नाव सांगा, आजोळचे गाव सांगा, सहमच्या किनाऱ्यावर सकाळी कोणते मासे येतात तेही सांगा. तोही तुमचाच मुलूख आहे.

आणि त्या निनावी माणसाची एक गोष्ट मात्र जरूर घ्या. घरापासून तुटलेल्या सिंदबादला त्याच्या मुलखाविषयी आपणहून विचारले ते त्याने. सिंदबादने नंतर.