वऱ्हाडच्या नावाची पलटण

अमरावती-अकोल्यात बसून पहिल्या महायुद्धातल्या आयरिश शिपायांबद्दल आपण का बोलायचं, असा प्रश्न पडेल. म्हणून सुरुवात आपल्याच मुलखातून करू.

29 नोव्हेंबर 1803 ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणि पुढे 15 डिसेंबरला गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं. त्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्माने डब्लिनचा. म्हणजे आयर्लंड आपल्याला तेव्हापासून ओळखीचं आहे!

या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे गेला. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज वाढली, ती हैदराबाद कंटिंजंट. तिच्यात एलिचपूरच्या नवाब सलाबत खानाच्या पलटणीही सामील झाल्या. फौजेचा पगार थकला, कर्ज चढलं आणि 1853 च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. सोप्या शब्दांत, फौजेच्या पगारापायी आपला प्रांत गहाण पडला. 1902 मध्ये तर वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला.

आता गंमत पाहा. 1903 मध्ये या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या, तेव्हा एकीचं नाव ठेवलं ‘96 वी बेरार इन्फन्ट्री’. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. पण या फौजेत भरती मुख्यतः उत्तरेतल्या राजपूत-जाटांची आणि दख्खनी मुसलमानांची. इथल्या कास्तकाराने पन्नास वर्षं सारा भरून ही फौज पोसली. नाव त्याचं, पैसा त्याचा, बंदूक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खांद्यावर.

आयर्लंडची गोष्ट याच्या उलट आहे. तिथून माणसंच गेली. महायुद्धात सुमारे 2 लाख आयरिश लोकांनी ब्रिटिश सैन्यात चाकरी केली. पुष्कळ जण पोटासाठी गेले, काही हौसेने. पण एक मोठा गट असा होता, की ज्याला त्यांचा पुढारी जॉन रेडमंड सांगत होता: आज साम्राज्याच्या बाजूने लढा, उद्या होमरूल पदरात पडेल. होमरूलचा कायदा सप्टेंबर 1914 मध्ये मंजूर झालाही, पण युद्ध संपेपर्यंत बासनात गेला.

24 एप्रिल 1916 ला डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्याच आठवड्यात, 28 एप्रिलला, बेळगावला लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. नाव आयर्लंडचंच घेतलेलं. वऱ्हाड तिच्या कार्यक्षेत्रात होता आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे खंदे साथीदार. टिळकांचा सैन्यभरतीला सरसकट विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की शिपाई हवेत तर स्वराज्याचं बोला. जून 1918 च्या मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हेच मांडायला लागले, तर गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं. टिळक सभेतून उठून गेले.

आणि रणांगणावर काय चाललं होतं? 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या रानाजवळ, 20 व्या डेक्कन हॉर्सचे स्वार भाले घेऊन चाल करून गेले. समोर मशीनगन! हे रिसाले त्याच कंटिंजंटमधून आलेले, ज्यांच्या पगारासाठी आपला प्रांत गेला होता. त्या युद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या आणि ज्यांची कबर नाही, अशा हजारो हिंदी सैनिकांची नावं न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर कोरली आहेत.

युद्धानंतर आयरिश शिपाई घरी परतला, तेव्हा घरच बदललं होतं. ज्या राजासाठी तो लढला, त्याच्याविरुद्ध आता त्याचा गाव उभा. कित्येकांनी पदकं पेटीत टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. 1920 मध्ये तर जालंधरला कॅनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी, मायदेशातल्या दडपशाहीच्या निषेधार्थ, शस्त्रं खाली ठेवली. जेम्स डॅली या जवानाला या बंडापायी गोळ्या घालण्यात आल्या. 1922 मध्ये दक्षिण आयर्लंडच्या जुन्या पलटणी मोडल्या.

त्याच वर्षी बेरार इन्फन्ट्री 19 व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि 1945 मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. म्हणजे एलिचपूरच्या पलटणीचा वारसा आज हिमालयातल्या माणसांनी सांभाळलाय, आणि परतवाड्यात विचाराल तर फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

आयरिश लोकांनी आपल्या शिपायांना विसरायचं ठरवलं होतं. गेल्या काही दशकांत ते पुन्हा त्यांची नावं घेऊ लागलेत. आपण विसरायचं ठरवलंही नाही, आपल्याला कुणी सांगितलंच नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत महायुद्धाला गेलेल्यांच्या संख्येच्या संगमरवरी पाट्या दिसतात. आपल्याकडेही कुणाच्या माळ्यावर, पेटीत एखादं पदक, पेन्शनचा कागद, डिस्चार्जचा दाखला पडला असेल. तो भंगारात देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणाचं? आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. इतकं केलं तरी आजच्या बोलण्याचं चीज झालं.