फोर्डची जाळी, मर्क्युरीचं तोंड

मोटारीची मूळ जाळी काढून दुसऱ्या कंपनीची बसवायची, ही कॅलिफोर्नियातली जुनी हौस. तिचा खुलासा बहुधा एका वाक्यात उरकला जातो: गरिबाच्या गाडीला श्रीमंताचा मुखवटा. सुरुवातीचा पुरावा या मताच्या बाजूचा आहे, हे मान्य करायला हवं. सॅक्रामेंटोचा कारागीर हॅरी वेस्टरगार्ड १९३०च्या दशकातल्या फोर्ड गाड्यांना लासाल किंवा पॅकार्डची उंच जाळी बसवायचा. फोर्ड सर्वसामान्यांची, लासाल कॅडिलॅकच्या घरातली आणि पॅकार्ड तर बड्या लोकांची. तेव्हा नक्कल कोणाची चालली होती हे सांगायला नकोच. पण पुढच्या पंधरा वर्षांत हा खुलासा लंगडा पडतो. १९४९ ते ५१ची मर्क्युरी हौशी मंडळींची लाडकी झाली, आणि तिच्या तोंडात बसले ते १९५३च्या डिसोटोचे ठसठशीत क्रोमचे दात. डिसोटो काही अमीर-उमरावांची गाडी नव्हती. मर्क्युरीसारखीच मधल्या किमतीची. त्याहून बोलका दाखला बॉब हिरोहाटाच्या गाडीचा. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी १९५२मध्ये त्याची १९५१ची मर्क्युरी नव्याने घडवली, तेव्हा पुढची जाळी जोडली ती १९५१च्या फोर्डच्या जाळ्यांचे भाग घेऊन. म्हणजे महाग गाडीला स्वस्त गाडीचं तोंड! प्रतिष्ठेची हाव हे एकमेव कारण असतं तर असा उलटा सौदा कोणी केला नसता.

माझ्या मते हे कारागीर कारखान्याचीच युक्ती कारखान्यावर उलटवत होते. दरवर्षी मॉडेल बदललं असं भासवायचं, पण सगळ्या बॉडीचे साचे बदलणं परवडत नाही. मग बदल तोंडावर करायचा. १९४९ आणि ५०च्या फोर्डच्या जाळीत मधोमध एक गोल नाक होतं, १९५१मध्ये दोन आली. मागची बॉडी जवळपास तीच. जे डेट्रॉइटला कंपनी करत होती, ते बॅरिस बंधूंच्या लिनवुडच्या गॅरेजात का होऊ नये? फरक साधनांचा. पत्रा ठोकून हवा तसा वळवता येतो, सांध्यांत शिसं भरून तो घासून एकसंध करता येतो. पण ओतीव, क्रोम चढवलेली जाळी छोट्या गॅरेजात बनत नाही. ती भंगारातूनच उचलावी लागे. नुसती उचलून भागत नसे: तिच्या मापाने तोंडाची चौकट कापायची, बॉनेटचे कोपरे गोलवायचे, हेडलाइटच्या कडा मडगार्डात मुरवायच्या. उसनी जाळी उसनी दिसू नये, यातच सगळं कसब.

मूळ रूपाची मोडतोड झाली, हा आक्षेप उरतोच. हिरोहाटाची गाडी तर जवळजवळ नवी होती, त्यामुळे मोडक्या गाडीला जीवदान दिलं असंही म्हणता येत नाही. पण २०१७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत ती दाखल झाली ती बदललेल्या रूपातच. तिला आता कोणी मर्क्युरीची जाळी परत बसवायला निघालं, तर मोडतोड तीच ठरेल. आज न बदललेली एखादी मर्क्युरी कापायला मात्र हा दाखला पुरणार नाही. १९५२मध्ये हिरोहाटाची मर्क्युरी फक्त गेल्या वर्षीची गाडी होती.