टूल-वर्णन (एआय एजंटसाठीचे)

एखादे टूल काय करते, ते केव्हा वापरायचे आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, हे एआय एजंटला सांगणारा मजकूर. सोपवलेले काम पुरे करण्यासाठी पुढचे टप्पे स्वतः ठरवणाऱ्या, भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या प्रणालीला एजंट म्हणतात. फाइल उघडणे, डेटाबेसमध्ये शोध घेणे, ईमेल पाठवणे ही कामे तो टूलमार्फत करतो. टूलचा कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येतात ते फक्त टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला पुरवायची मूल्ये). त्यामुळे कोड बिनचूक असला, तरी वर्णन मोघम असल्यास एजंट भलतेच टूल निवडू शकतो.

पार्श्वभूमी : जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ची सोय दिली. तीत प्रत्येक फंक्शनचे वर्णन साध्या भाषेत आणि पॅरामीटरचा आराखडा जेसन स्कीमा या, डेटाची रचना सांगणाऱ्या स्वरूपात देता येई. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) हे खुले मानक जाहीर केले. त्यामुळे एकाने लिहिलेले टूल एमसीपी मानणाऱ्या दुसऱ्या कुणाच्याही एजंटला जोडता येऊ लागले. टूल लिहिणारा आणि वापरणारा यांची गाठ पडण्याचे कारण उरले नाही. साहजिकच सगळे काही वर्णनातूनच समजावून सांगावे लागते.

घटक : चांगल्या वर्णनात टूलचे काम, वापराचा प्रसंग, न वापरण्याचा प्रसंग, पॅरामीटरचे अर्थ, उत्तराचे स्वरूप आणि मर्यादा एवढे तरी असावे. रेल्वे आरक्षणाच्या टूलला ‘तिकिटाची माहिती देते’ एवढेच वर्णन दिले, तर भाडे, वेळापत्रक, रद्द तिकिटाचा परतावा अशा कोणत्याही प्रश्नावर एजंट तेच टूल चालवून बसेल. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दहा अंकी पीएनआर क्रमांक घेऊन प्रत्येक प्रवाशाची सद्यस्थिती सांगते : कन्फर्म, आरएसी किंवा वेटिंग. तिकीट काढत किंवा रद्द करत नाही. गाडी किती उशिरा धावते आहे, हे यातून कळत नाही.’ यातली नकारार्थी वाक्ये होकारार्थी वाक्यांइतकीच कामाची आहेत, कारण शेजारच्या टूलची हद्द तीच आखून देतात.

पॅरामीटरच्या बाबतीत संदिग्धता अधिक महागात पडते. ०५/०६/२०२५ ही तारीख भारतात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे. म्हणून क्रम, एकक आणि चालणारी मूल्ये उदाहरणासह द्यावीत. ‘युजर’ या नावापेक्षा ‘युजर-आयडी’ हे नाव बरे, कारण नाव द्यायचे की क्रमांक, हा प्रश्नच उरत नाही.

कधी वर्णनाला टूलच्या रचनेचीही जोड द्यावी लागते. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदवलेल्या अनुभवानुसार, कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की फाइलचे सापेक्ष (चालू फोल्डरपासून मोजलेले) पत्ते चुकवत असे. टूलने फाइलचा संपूर्ण पत्ताच मागायचा, असा बदल केल्यावर ती चूक थांबली.

लांबी आणि चाचणी : जोडलेल्या टूलची वर्णने सामान्यतः प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि संदर्भ-मर्यादेतली (मॉडेल एका वेळी वाचू शकेल तेवढ्या मजकुरातली) जागा खातात. म्हणून पाल्हाळ टाळावा. मात्र हद्द स्पष्ट करणारे वाक्य जागा वाचवण्यासाठी गाळू नये. मिळतीजुळती अनेक टूल असतील, तर वर्णने वाढवत नेण्यापेक्षा टूल एकत्र करणे श्रेयस्कर. वर्णनाचा कस वाचून नव्हे, चालवून लागतो : प्रत्यक्षातले प्रश्न एजंटला द्यायचे, त्याने कोणते टूल कोणत्या मूल्यांनिशी चालवले याची नोंद तपासायची, शब्द बदलायचे आणि तेच प्रश्न पुन्हा द्यायचे. चुकीचे मूल्य आल्यावर टूलने दिलेला संदेशही याच लेखनाचा भाग ठरतो. ‘त्रुटी ४००’ यातून एजंटला काहीच बोध होत नाही. ‘पीएनआर दहा अंकी हवा, नऊच अंक मिळाले’ यातून दुरुस्ती कळते.

सुरक्षितता : मॉडेल वर्णनाला सूचनेसारखे मानू शकते, याचा गैरफायदाही घेता येतो. बाहेरच्या टूलच्या वर्णनात छुपे आदेश पेरून एजंटकडून खासगी माहिती काढून घेण्याच्या प्रकाराला ‘टूल पॉयझनिंग’ म्हणतात. याच कारणाने टूल केवळ माहिती वाचते की काही पुसून टाकते, हे सांगणाऱ्या एमसीपीतील खुणाही टूल पुरवणाऱ्या अनोळखी सर्व्हरकडून आल्यास विश्वासार्ह धरल्या जात नाहीत. पैसे पाठवणे, मजकूर पुसणे अशा कामांसाठी ‘आधी विचारावे’ असे वर्णनात लिहिणे पुरत नाही. परवानगीची अट कोडमध्येच घालावी लागते.