डॉसचा संगणक इंटरनेटवर : सभासद की पाहुणा?

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी खूण, फ्लॉपीची घरघर. असा डॉसचा जुना संगणक आज इंटरनेटला जोडता येतो का? येतो. तरीही बहुतेक वेबसाइट त्याला उघडता येत नाहीत. असं का होतं, ते आज बघू.

सुरुवात १९८१ पासून करू. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. त्याचा प्रोसेसर ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. पुढच्याच महिन्यात इंटरनेट प्रोटोकॉलचा, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, आरएफसी ७९१. टेलिफोन लावणारा हेज कंपनीचा स्मार्टमोडेमही त्याच वर्षीचा. म्हणजे तिघंही एकाच वयाचे! पण एकमेकांची ओळख नाही. डॉसला फ्लॉपी कळायची, प्रिंटर कळायचा. नेटवर्क नावाची गोष्टच त्याच्या गावी नव्हती.

त्या काळी टीसीपी/आयपी चालायचं ते मुख्यतः मोठ्या, अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रांवर. टेबलावरचा पीसी फार तर त्या यंत्राचं टर्मिनल व्हायचा. एमआयटीमध्ये जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड क्लार्क, जॉन रोमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मानलं नाही. त्यांनी पीसीसाठी टीसीपी/आयपी लिहिलं. १९८५ च्या त्यांच्या निबंधाचा मथळाच सांगतो की डेस्कटॉप संगणक हा नेटवर्कमधला सहभागी आहे. हा शब्द लक्षात ठेवा, सहभागी.

पण अडचण अशी, की नेटवर्क कार्डं अनेक प्रकारची. प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक कार्डाची भाषा शिकवायची कशी? शिवाय एका प्रोग्रामने कार्ड ताब्यात घेतलं की दुसऱ्याला ते मिळायचं नाही. रोमकी ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, त्या एफटीपी सॉफ्टवेअरने यावर तोडगा काढला : पॅकेट ड्रायव्हर. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असतात, टपाल मात्र एकाच दारात येतं. दारात बसलेला माणूस आडनाव बघून ज्याचं त्याला देतो. पॅकेट ड्रायव्हर नेमकं हेच करतो. आलेल्या पॅकेटचा प्रकार बघायचा आणि ज्या प्रोग्रामने तो मागितलाय त्याच्या हाती द्यायचं. नॉव्हेलचं नेटवर्क आणि टीसीपी/आयपी एकाच कार्डावर नांदू लागले.

आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकात अर्नेट प्रकल्पातून इंटरनेट आलं ते शिक्षण-संशोधन संस्थांपुरतं. मुंबईतली एनसीएसटी त्यातलं महत्त्वाचं केंद्र. सर्वसामान्यांसाठी दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने. त्यात स्वस्त होतं ते शेल अकाउंट. मोडेम किंचाळायचा, जोडणी व्हायची, आणि पडद्यावर फक्त अक्षरं. आपण म्हणायचो, "इंटरनेटवर आहे." खरं तर इंटरनेटवर व्हीएसएनएलचा संगणक होता, आपला डॉस त्याच्या खिडकीतून आत डोकावत होता. एखादी फाइल उतरवली तर ती आधी तिकडच्या यंत्रावर यायची, मग झेडमोडेमने दुसरा हेलपाटा घालून घरी. म्हणजे आपण पाहुणे. सभासद नाही.

आज मात्र उलट आहे. जुन्या पीसीत एनई२०००शी जुळणारं कार्ड बसवा, त्याचा पॅकेट ड्रायव्हर चढवा, एमटीसीपी हा डॉससाठीचा संच चालवा. घरातला राउटर त्याला मुकाट्याने आयपी पत्ता देतो. पिंग जातं, एफटीपी चालतं, घड्याळसुद्धा जुळतं. कारण १९८१ चा तो करार अजून मोडलेला नाही. संगणक पुरता सभासद होतो.

मग अडतं कुठे? वरच्या मजल्यावर. आज बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएस मागतात, म्हणजे बोलणं सुरू होण्याआधी कुलूप-किल्लीची देवघेव. त्यात प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार असतात. ८०८८ ला ते झेपेपर्यंत समोरचा सर्व्हर कंटाळून जोडणी तोडून टाकतो. म्हणून हौशी लोक मध्ये एक आधुनिक संगणक ठेवतात. तो कुलूप उघडतो आणि साधा मजकूर डॉसच्या हाती देतो. म्हणजे बघा, फिरून १९९५ च्या शेल अकाउंटवरच आलो की आपण!

कुलूप चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. टेलनेटच्या काळात पासवर्ड उघडाच जायचा. वाटेत कुणीही वाचावा. कुलूप हवंच होतं. पण ते बसवताना बाहेर कोण राहिलं, हेही मोजायला हवं. डॉसचा संगणक बाहेर राहिला तर हौशी माणसाचा खेळ बिघडतो, एवढंच. पण पाच-सात वर्षांचा मोबाइल, जो फोन लावतो, फोटो काढतो, तो एके दिवशी "हे ॲप आता या फोनवर चालणार नाही" म्हणतो, तेव्हा हाच प्रश्न एखाद्या आजीच्या पेन्शनपाशी येऊन उभा राहतो. यंत्र बिघडलेलं नसतं. करार बदललेला असतो, आणि तो बदलताना आजीला कुणी विचारलेलं नसतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.